मणक्यातली गॅप

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. बहिणीला नाही, ऑफिसातल्या एकाही मैत्रिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा – जाऊ द्या. सांगायला बसलेय तर सांगते. फक्त सरळ सांगता येईल की नाही, ते माहीत नाही. कारण यात खरं कुठे संपलं आणि खोटं कुठे सुरू झालं, ती जागाच मला अजून सापडलेली नाही.

गोष्ट कंबरेची आहे. माझ्या, आणि माझ्या जावेच्या.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. सासरे रेल्वेत होते, ते रायपूरला आले, तात्यापाऱ्यात घर घेतलं आणि आम्ही इथलेच झालो. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा मी सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते. राजधानी झाल्यावर एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय बसलं आणि माझी बदली तिथे झाली. खोल्यांच्या दारांवर वॉर्डांचे नंबर अजून तसेच होते. पण मंत्रालय ते मंत्रालय! कुठे काम करता असं कोणी विचारलं की माझी मान जरा ताठ व्हायची. खोटं काहून बोलू?

घरात सासूबाई, आम्ही दोघं, शाळेत जाणारी माझी मुलगी, धाकटे दीर आणि त्यांची बायको सुरेखा. दीर सदर बाजारात कापडाच्या दुकानात होते, सकाळी गेले की दिवेलागणीनंतरच घरी. ह्यांची रेल्वेची ड्युटी, आज इथे तर उद्या बिलासपूरला. सुरेखा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. गोंदियाची. तिची चाल इतकी भरभर की तिच्यासोबत बाजारात जायचं म्हणजे मला अर्धं पळावंच लागायचं. जिना ती दोन-दोन पायऱ्या टाकत चढायची. मला ताई म्हणायची. अजूनही म्हणते.

राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं राहिलं, पण तोंडातल्या तोंडात. अंगाने त्या भारी होत्या. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून खाटेवर, आंघोळीला, संडासाला – दिवसातून पाच-सहा वेळा उचलावं लागायचं. घरातले पुरुष उचलत नव्हते. आईला अशा वेळी हात लावायचा कसा, असं त्यांना वाटायचं, आणि आम्हीही तसंच मानत होतो. हे सांगतेय खरं, पण त्याच्या आड मला लपायचं नाही.

सकाळी आणि संध्याकाळी आम्ही दोघी मिळून उचलायचो. दुपारी सुरेखा आणि कामवाली.

एका सकाळी मला ऑफिसची घाई होती. सासूबाईंच्या काखेत हात घालून मी वाकले आणि वाकल्या-वाकल्याच वळले. कंबरेत चमक भरली. अशी, की मी त्यांना अर्ध्यातच सोडलं आणि खाटेची कड धरून उभी राहिले. सरळही होता येईना, बसताही येईना. सुरेखाने एकटीने त्यांना सावरलं, मग मला सावरलं. ते दुखणं खरं होतं. त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. मोजे घालता येत नव्हते, शिंक आली तर भिंत धरत होते मी.

चौथ्या दिवशी ह्यांनी मला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. हे बाहेर बसले. आत मी एकटीच होते – ही गोष्ट लक्षात ठेवा. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी ते ऐकलेलं नाही.

डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरला, माझे पाय एक-एक करून वर उचलून पाहिले, अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाला, "कुछ नहीं है मैडम. मांसपेशी खिंची है, बस. हड्डी एकदम साफ है." दोन दिवस आराम, गरम पाण्याचा शेक, मग चालायला लागा. बिछाना धरून बसाल तर कंबर जास्त धरेल, असं म्हणाला. पट्टा आठ-दहा दिवस, मग काढून टाका. मला थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकं दुखतं आणि म्हणे काही नाही?

मग त्याने विचारलं, झालं कसं. मी सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. उठला. बाहेरच्या कंपाउंडरला बोलावून बाकावर निजवलं आणि मला दाखवलं. आजारी माणसाला आधी कुशीवर वळवायचं. मग पाय खाली सोडायचे, म्हणजे ते अर्धं आपोआप उठून बसतं. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची. कंबरेला जाड चादर गुंडाळायची आणि ती चादर धरायची, काख नाही. आपण कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. वजन अंगाशी धरायचं. वळायचं तर पाय टाकून वळायचं, कंबर पिळायची नाही. आणि खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा लावायच्या. मला करून दाखवायला लावलं. मी त्या लठ्ठ कंपाउंडरला उठवून बसवलं. माझी कंबर दुखत असताना! शेवटी डॉक्टर म्हणाला, "घर में जो-जो उठाता है, सबको सिखाइए. वरना आज आप आई हैं, कल दूसरी आएगी."

हे शब्द मला पाठ आहेत. दुसरं काही पाठ राहत नाही आताशा, पण हे आहेत.

आम्ही ऑटोने घरी आलो. सुरेखा दारातच उभी होती. हात पुसत पुढे आली.

"ताई, काय म्हणे डॉक्टर?"

आणि मी म्हणाले, "मणक्यात गॅप आली म्हणे. वजन उचलायचं नाही. कधीच नाही."

कुठून आला तो शब्द? आमच्या सेक्शनमधल्या एका बाईंना गॅप होती, त्या सारखं सांगायच्या – तिथूनच आला असेल. मी ठरवून नव्हतं आले. वाटेत ऑटोत ह्यांनी विचारलं तेव्हा मी नुसतं "औषध दिलंय" म्हणाले होते. मग दारात काय झालं? मी घाबरले होते का? ती चमक पुन्हा भरेल याची भीती होती, हे खरं. की गेल्या चार दिवसांत मला चहा हातात मिळत होता, लग्नानंतर पहिल्यांदा – ते सोडवत नव्हतं? की सासूबाईंच्या अंगाचा, त्या चादरींचा वास मला नकोसा झाला होता? तिन्ही असेल. तिन्हींपैकी एकही नसेल. मी कितीदा तरी त्या दारात जाऊन उभी राहते मनातल्या मनात, आणि दर वेळी तोंडातून गॅपच निघते.

सुरेखा म्हणाली, "बाप्पा! मंग तुम्ही आता हातच नका लावू. आईले मी पाहीन."

मी एक्स-रेचं पाकीट कपाटावर टाकलं. ते कोणी उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कोणाला काय कळणार होतं?

महिन्याभरात माझी कंबर बरी झाली. बरी झाली, असं आज म्हणते. तेव्हा मला काय वाटत होतं? इथेच माझा गोंधळ होतो. ऑफिसात मी दोन मजले चढायचे, खालच्या खणातले बस्ते – म्हणजे फायलींचे गठ्ठे – वाकून काढायचे, आणि काही दुखायचं नाही. संध्याकाळी घराचा जिना चढायला लागले की कंबर खरंच जड व्हायची. शपथेवर सांगते, व्हायची. सासूबाईंची हाक ऐकू आली की तिथे कळ यायची. ती कळ मी आणत होते, की ती येत होती? डॉक्टर लोक सांगतात म्हणे, भीतीनेही दुखतं, मनातलं ओझंही कंबरेवर येतं. असेल. पण गॅप खोटी होती. दुखण्याचं मला माहीत नाही, गॅप खोटी होती, एवढं मला माहीत होतं.

पट्टा मी दोन वर्षं बांधला. घरी आल्यावर बांधायचे.

आणि सुरेखा उचलत होती. कशी? जशी आम्ही आधी उचलायचो तशीच – काखेत हात घालून, कंबरेतून वाकून, पिळून. फरक एवढाच की सकाळ-संध्याकाळ आता एकटी. मी समोर खुर्चीवर बसून पाहायचे. तिचा पदर खोचलेला, ओठ आवळलेले, एक हुंकार – आणि सासूबाई वर. रोज पाहायचे. चादर धर, एवढं म्हणायला काय लागत होतं मला? गुडघ्यात वाक, दोन विटा लाव. बस.

पण ते म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, तुम्हाला कोणी सांगितलं? डॉक्टरने सांगितलं. मग डॉक्टरने तुम्हाला उचलायला शिकवलं का? गॅप असताना? – त्या एका प्रश्नाला मी भ्याले. खरं बोलायचं तर तिने तो विचारलाही नसता. इतका विचार करणारी ती नव्हती तेव्हा. मीच रोज तिच्या बाजूने प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचे.

वर्षभराने ती एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताई, माही बी कंबर दुखून राहिली. खाली पायापर्यंत जाते सळक." मी म्हणाले, "बायकांची दुखतेच गं." आणि माझं मलम तिला दिलं. मला वाटलं होतं – हे सांगायची फार लाज वाटते – मला वाटलं होतं की तीही माझ्यासारखंच करतेय. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याचं खरं दुखणं ओळखू येत नाही का? की ओळखू आलं होतं आणि मीच –

पुढे जाते.

एका सुट्टीच्या दिवशी मी पंडरीच्या कापडबाजारात गेले होते. सेक्शनमधल्या मैत्रिणीच्या घरी लग्न होतं, तिच्यासोबत ठोक भावात साड्या घ्यायला. चांगला मोठा गठ्ठा झाला. मैत्रीण दुकानात बोलत राहिली आणि मी गठ्ठा उचलून कंबरेवर घेतला, रस्ता ओलांडला. ऑटोवाला म्हणाला, "लाव दीदी, मैं रख देथंव." मी म्हणाले, राहू दे, आणि मीच उचलून वर ठेवला. मजेत होते मी. वळले, तर पलीकडे पायरीवर सुरेखा. हातात सुती कापडाचा तागा. सासूबाईंच्या चादरींसाठी आली असणार. त्या दिवशी दीर घरी होते, म्हणून निघाली असेल.

तिने मला पाहिलं का? मधून स्कूटर, रिक्षा जात होत्या. तिचं तोंड माझ्याकडे होतं. मग ती दुकानाकडे वळली. मी हाक मारली नाही. तिनेही नाही.

घरी आले. मी थेट पट्टा बांधला आणि आडवी झाले. आता ती येईल, विचारेल, भांडेल – मी वाट पाहत होते. बाजूच्या खोलीतून तो हुंकार ऐकू आला. सासूबाईंना संध्याकाळचं खुर्चीवर बसवलं तिने. मग ती माझ्या खोलीत आली. हातात गरम पाण्याची पिशवी होती.

"दिवसभर बाहेर फिरल्या तुम्ही. शेकून घ्या."

पिशवी माझ्या कंबरेखाली सारली, पांघरूण नीट केलं आणि गेली.

तिने पाहिलं होतं? पाहून ती पिशवी आणली? की पाहिलंच नव्हतं आणि ती नेहमीसारखी – मी हे इतक्या वेळा उलटं-सुलटं केलंय की आता तिचा चेहराही मला नीट आठवत नाही. एवढंच सांगू शकते, की त्या दिवसानंतर तिने आपल्या कंबरेचं नाव घरात काढलं नाही. एकदाही नाही. मला बरंच वाटलं. वाटलं, दुखायचं थांबलं असेल.

थांबलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती अंगणातून आत आली आणि माझी मुलगी म्हणाली, "काकी, आपकी एक चप्पल?" डाव्या पायातली चप्पल अंगणातच राहिली होती. सुरेखाला कळलंच नव्हतं. ती खाली वाकून आपल्याच पावलाकडे पाहत राहिली. ते वर उचलायला गेली, तर उचलेना. अंगठा हलेना. ती घाबरून हसली. मला म्हणाली, "ताई, हे काय होऊन राहिलं?"

ऑपरेशन झालं. मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेली होती. सर्जनने ह्यांना आणि दिरांना सांगितलं, फार महिने दबून होती, आधी आणायला हवं होतं. मी तिथेच होते. मी विचारलं, कशाने झालं? काय ऐकायचं होतं मला? तो म्हणाला, वजन चुकीचं उचलून होतं, पण कुणाला नुसतं शिंकूनही होतं, कुणाला कशानेच नाही तरी होतं. नक्की कोणी सांगू शकत नाही. मी ते वाक्य पदराला गाठ मारून घेतल्यासारखं घरी आणलं. कितीतरी वर्षं ते मनात घोळवलं. नक्की कोणी सांगू शकत नाही. पण त्या वाक्याने मला कधीच झोप लागली नाही. झालं असतं की नसतं, तो प्रश्नच वेगळा. मी सांगितलं नव्हतं, याला ते वाक्य कुठे लागू होतं?

महिन्याभराने तिला व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायला लागली. हुशार पोट्टी होती. तिने सासूबाईंची खाट पाहिली आणि विचारलं, यांना आता कोण उचलतं? हे म्हणाले, ड्युटी नसली की मी, नाहीतर बाई ठेवलीय. "इनको तो गैप है," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मी म्हणाले, आता बरं आहे, मी उचलीन. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कितीतरी दिवस पाहुण्यांना सांगत होते, स्वतःची कंबर गेलेली, तरी सासूला उचलते. मी ते ऐकून घेतलं. एकदाही नाही म्हणाले नाही.

त्या मुलीने आम्हाला गोळा करून दाखवलं. कुशीवर वळवा. पाय खाली सोडा. चादर गुंडाळा. गुडघ्यात वाका. ओळीने तेच, जसंच्या तसं. मी नवं ऐकत असल्यासारखी मान हलवत होते. एका ठिकाणी तर मुद्दाम चुकले – हात काखेत घातला – म्हणजे तिने मला सुधारावं. काहून केलं मी ते? कोण संशय घेणार होतं? विटा मीच आणल्या, मागच्या अंगणातून, चार खेपा करून. खाट उंच झाली. चादर धरली, गुडघे वाकवले, आणि सासूबाई उठल्या. अलगद. त्या स्वतःच दचकल्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या – बरं वाटलं, असं काहीसं.

सुरेखा समोर खुर्चीवर बसून पाहत होती. डाव्या पायाला प्लास्टिकचा आधार बांधलेला. ती मुलगी निघून गेली, ह्यांना कोणीतरी खालून हाक मारली, आणि खोलीत आम्ही तिघीच राहिलो. सुरेखा माझ्याकडे पाहून म्हणाली, "किती सोपं होतं ना ताई. आपल्याले हे कोणी सांगितलंच नाही ना?"

ती विचारत होती का? नुसतं म्हणत होती का? तिचा आवाज साधाच होता. मी सासूबाईंच्या कंबरेची चादर सोडवत होते. मी वर पाहिलं असतं तर कळलं असतं, तिला काय माहीत आहे आणि काय नाही. मी वर पाहिलं नाही.

मी म्हणाले, "नाही ना गं. कोणीच नाही सांगितलं."

सासूबाई त्यानंतर दीड वर्ष जगल्या. सुरेखा आणि दीर आता टाटीबंधकडे राहतात, तळमजल्यावर, कारण तिला जिना जमत नाही. डावं पाऊल ओढत चालते ती. दिवाळीला येते. बाजारात आम्ही सोबत गेलो तर आता मीच पुढे असते, आणि मला थांबावं लागतं.

मला सांगितलं होतं. करून दाखवलं होतं, माझ्याकडून करून घेतलं होतं. मी तिला सांगितलं नाही.